फुकट ते पौष्टिक?

‘कन्व्हर्टरला वेगळी वीज कशाला हवी? पोर्टातूनच घेतो की तो!’ मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगाव-आटगावच्या गाळ्यांत, वाशिंद-खर्डीच्या बाजूला, जिथे म्हणून पीएलसीच्या पॅनेलपुढे कुणी लॅपटॉप उघडून बसतं तिथे हे वाक्य कानावर पडतंच. दुकानदार ते माल खपवायला म्हणतो, पॅनेल बांधणारा चार पैसे वाचवायला म्हणतो आणि कामाला नवा लागलेला पोरगा सीनियर म्हणतात म्हणून म्हणतो. हल्ली तर त्याला तत्त्वज्ञानाचं रूप आलं आहे. वायर कमी तेवढा ताप कमी. सप्लाय मागणारा कन्व्हर्टर जुन्या जमान्यातला, न मागणारा नव्या. आणि वेगळा सप्लाय जोडत बसणारा इंजिनियर म्हणजे पावसाळा संपला तरी छत्री घेऊन हिंडणारा गृहस्थ. हे म्हणणाऱ्यांत चांगले जाणकार आहेत, माझे मित्रही आहेत. म्हणूनच या म्हणण्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा. माझं म्हणणं थोडक्यात असं: कन्व्हर्टरला वीज लागतेच, ती कुठून येते हे जोडणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे, आणि आपल्या भागात तरी ती सिरियल पोर्टाच्या सिग्नलमधून ओढणं चूक आहे.

या धंद्याशी संबंध नसलेल्या वाचकासाठी आधी थोडं सांगतो. पीएलसी म्हणजे पॅनेलमध्ये पट्टीवर बसवलेला छोटा कंट्रोलर. सेन्सर काय सांगतात ते वाचायचं आणि आत भरलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे मोटर, व्हॉल्व्ह, हीटर चालू-बंद करायचे, हे त्याचं काम. तो प्रोग्रॅम भरायला किंवा बदलायला लॅपटॉप जोडावा लागतो. लॅपटॉपचा सिरियल पोर्ट आरएस-२३२ जाणतो. त्यात प्रत्येक सिग्नलचा व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजला जातो. पीएलसीच्या बाजूला बऱ्याचदा आरएस-४८५ किंवा ४२२ असतं. तिथे दोन तारांमधला फरक मोजतात. त्यामुळे ते लांब जातं आणि कारखान्यातल्या गोंगाटातही टिकतं. या दोहोंच्या मधे बसणारी काड्यापेटीएवढी डबी म्हणजे कन्व्हर्टर. तिच्यात चिपा आहेत, चिपांना करंट लागतो. वाद एवढाच की हा करंट आणायचा कुठून.

पोर्टवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे: २३२ च्या नऊ पिनांच्या जोडणीत आरटीएस आणि डीटीआर अशा दोन सिग्नल-तारा असतात, बहुतेक वेळ त्या नुसत्या ‘हाय’ होऊन पडून असतात, त्यांवरचा व्होल्टेज ओढून घेतला की झालं. युक्ती हुशारीची आहे, यात शंका नाही. पण २३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं ते टेलिप्रिंटर आणि मोडेम यांची जोडणी करायला. या तारा ‘मी तयार आहे’, ‘मला पाठवायचं आहे’ एवढं सांगायला ठेवल्या; त्यांच्यावर कुणाचं पोट भरेल असा विचार त्यात कधीच नव्हता. मानक सांगतं, पाठवणाऱ्या बाजूने ३ किलोओहमच्या भारावर किमान ५ व्होल्ट टिकवायचे. भागाकार करा. एका तारेमागे सुमारे १.७ मिलिअँपिअर, दोन्ही तारा पिळून काढल्या तरी साडेतीनच्या आत. हमी आहे ती एवढीच.

आता दुसरीकडचा खर्च बघा. आरएस-४८५ च्या मानकाप्रमाणे ड्रायव्हरने ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक उभा करायचा. हे ५४ कुठून आले, तर लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर बसवतात त्यांचे मिळून ६०, आणि त्यावर ३२ उपकरणांचा भार. दीड भागिले चोपन्न, म्हणजे २८ मिलिअँपिअर. मिळकत साडेतीन, खर्च अठ्ठावीस. त्यात कन्व्हर्टरच्या आतल्या चिपांचा स्वतःचा खर्च धरलेलाच नाही. जुन्या कन्व्हर्टरांत सर्रास सापडणारी ७५१७६ ही चिप लाइनवर काही भार नसतानाच तीस-चाळीस मिलिअँपिअरच्या घरात खाते. मायक्रोअँपिअरांवर भागवणाऱ्या नव्या चिपा निघाल्या हे खरं. पण चिप कितीही मिताहारी असली तरी लाइनवरच्या रेझिस्टरला लागणारा करंट काही कमी होत नाही.

यावर मित्र म्हणतात, ‘पुस्तकातलं राहू दे, आमचा तर चालतो.’ चालतो, मान्य आहे. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरांच्या पोर्टामागे १४८८ जातीचा ड्रायव्हर आणि थेट बारा व्होल्टचा सप्लाय असायचा. तो दहा मिलिअँपिअरपर्यंत सोसायचा. शिवाय टेबलावर दोन मीटरची केबल, समोर एकटा पीएलसी, टोकाला रेझिस्टर नाही, अशा वेळी लाइनवर जवळजवळ भारच नसतो. आयटीआयच्या वर्कशॉपात हा प्रयोग वर्षानुवर्षं बिनबोभाट होत असेल. गफलत होते ती टेबलावरचा अनुभव उचलून शॉप-फ्लोअरवर नेताना. तिथे त्याच ४८५ वर एचएमआय, म्हणजे ऑपरेटरचा स्क्रीन, लटकलेला असतो, मोटरचे तीन-चार ड्राइव्ह असतात, कुठे एनर्जी मीटर असतो, दोन्ही टोकांना रेझिस्टर असतात. आणि लॅपटॉप? त्याला नऊ पिनांचा पोर्टच उरलेला नाही. म्हणजे आधी यूएसबी-टू-सिरियल केबल, मग तिच्या पुढे पोर्टातून वीज घेणारा कन्व्हर्टर. त्या केबलमधली चिप पाच-सहा व्होल्ट कसेबसे तयार करून देते, आणि त्यावर आपण पुढचा सगळा संसार मांडतो.

मुरबाडमधल्या एका कारखान्यातलं उदाहरण देतो, कारण या रोगाची लक्षणं तिथे अगदी स्वच्छ दिसली. प्लास्टिकची एक्स्ट्रूजन लाइन होती. लॅपटॉप जोडला की पीएलसी ओळखला जायचा. मॉनिटरिंग सुरळीत, इनपुट-आउटपुट हिरवे-लाल होताना दिसायचे. प्रोग्रॅम खाली उतरवायला घेतला की पट्टी निम्म्यापर्यंत जायची आणि ‘कम्युनिकेशन एरर’. केबल बदलून झाली होती, बॉड रेट कमी करून झाला होता, पीएलसी गेल्याचं निदानही जवळपास झालं होतं. मी मीटर काढला आणि नऊ पिनांच्या कनेक्टरवर सातवी आणि पाचवी पिन, म्हणजे आरटीएस आणि ग्राउंड, यांच्यावर टोकं ठेवली. कन्व्हर्टर न लावता साडेपाचच्या वर. लावल्यावर चारच्या जवळ. डाउनलोड सुरू झाला तसा आकडा आणखी उतरला, आणि कन्व्हर्टरवरचा टीएक्सचा दिवा, जो ठळक लुकलुकायला हवा, तो विझत चाललेल्या वातीसारखा मंदावला. गंमत म्हणजे त्याच डबीच्या कडेला ‘९ ते ३० व्होल्ट डीसी’ असं छापलेले दोन टर्मिनल होते. त्यांचे स्क्रू कुणी कधी सैल केल्याच्या खुणाही नव्हत्या. पॅनेलमधल्या एसएमपीएसवरून, म्हणजे २४ व्होल्ट डीसीच्या सप्लायवरून, दोन वायरी त्यात दिल्या, आणि प्रोग्रॅम शेवटपर्यंत उतरला. मेंटेनन्सचा दादा बघत उभा होता. म्हणाला, ‘मंग तो दुकानवाला लागत नाय का म्हनला?’

निम्म्यावरच का अडतं, याला कारण आहे. कन्व्हर्टरच्या आत एक कपॅसिटर असतो. थोडं बोलून थांबायचं, अशा छोट्या देवाणघेवाणीत तो मधल्या वेळात भरून येतो, म्हणून मॉनिटरिंग चालतं. डाउनलोडमध्ये लांबलचक फ्रेमा सलग पाठवायच्या असतात. त्याला भरायला सवड मिळत नाही, व्होल्टेज ढासळतो, एखादा बाइट खराब जातो आणि चेकसम जुळत नाही. त्यातून काही सॉफ्टवेअरं आरटीएस तारच पाठवण्या-ऐकण्याची दिशा बदलायला वापरतात. म्हणजे जिच्यातून वीज घ्यायची तीच तार मिनिटाला शेकडो वेळा चालू-बंद. आणि काही सॉफ्टवेअरं त्या तारेला हातच लावत नाहीत. मग एकाच लॅपटॉपवर, एकाच केबलीने, एका कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं आणि दुसरीचं चालत नाही, आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो.

अर्धवट डाउनलोड ही नुसती कटकट नसते. अनेक पीएलसींत नवा प्रोग्रॅम लिहिण्याआधी जुना पुसला जातो. मधेच तुटलं की जुना गेलेला, नवा अर्धाच आलेला, कंट्रोलर स्टॉपमध्ये, लाइन बंद. बॅकअप असेल तर पुन्हा उतरवता येतं. नसेल तर देवाचं नाव घ्यायचं. अशा वेळी खापर फुटतं ते पीएलसीवर, केबलीवर किंवा महावितरणवर. चांगला कंट्रोलर उतरवून नवा बसवल्याच्या कहाण्या या पट्ट्यात कमी नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

पोर्टवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा यापुढचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, ‘मोठमोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या केबली बघा. सीमेन्सच्या एस७-२०० ची पीसी-पीपीआय केबल, मित्सुबिशीच्या एफएक्सची एससी-०९, अॅलन-ब्रॅडलीचा १७४७-पीआयसी. कुणाला वेगळा अॅडाप्टर आहे? त्यांना अक्कल नव्हती का?’ अक्कल होती, म्हणूनच त्यांनी लॅपटॉपच्या पोर्टाकडे वीज मागितली नाही. या केबली वीज घेतात ती पीएलसीकडून. एस७-२०० च्या पोर्टात सातव्या पिनेवर २४ व्होल्ट आहेत, एफएक्सच्या गोल पोर्टात ५ व्होल्ट आहेत, पीआयसी अॅलन-ब्रॅडलीच्या एसएलसी या पीएलसीच्या पोर्टातूनच जगतो. म्हणजे सप्लाय वेगळाच आहे, फक्त तो कंट्रोलरच्या घरातला आहे आणि केबलीतच ओवलेला असल्यामुळे दिसत नाही. पोर्टवाल्यांनी साक्षीला बोलावलेला हा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतो.

आणि ही सोयसुद्धा कुठवर चालते, तेही बघायला हवं. एस७-३०० चा पीसी अॅडाप्टर एमपीआय पोर्टातून २४ व्होल्ट घेतो. सीपीयूला थेट लावला की दिवा लागतो, काम होतं. तोच अॅडाप्टर कुणी सोयीसाठी लाइनच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्या प्रोफिबस केबलीवरच्या कनेक्टरला लावतो आणि तो मढ्यासारखा पडून राहतो. त्या जांभळ्या केबलीत दोनच तारा आहेत, दोन्ही डेटाच्या. २४ व्होल्ट त्यातून येणारच नाहीत. तिथे बाहेरून द्यावे लागतात. अॅलन-ब्रॅडलीच्याच एआयसी-प्लस या इंटरफेस कन्व्हर्टरवर तर कंपनीने सरळ एक खटका दिला आहे: वीज केबलीतून की बाहेरून. त्यांचा मायक्रोलॉजिक्स पीएलसी जोडलेला असेल तर केबलीतून घ्या, नसेल तर बाहेरचे २४ व्होल्ट द्या. हा प्रश्न विचारायचाच नसता तर त्यांनी खटक्याचा खर्च केला असता का?

आता अर्थिंगकडे येतो. माझ्या मते खरी लढाई इथे आहे, आणि इथेच शहापूर-मुरबाड हे पुण्या-चाकणपेक्षा वेगळं पडतं.

आपली जमीन सह्याद्रीच्या पायथ्याची. वीतभर माती, मग मुरूम, मग काळा कातळ. अर्थिंगचा खड्डा खणताना कातळ लागला की ठेकेदार तिथेच थांबतो, कोळसा-मीठ भरतो, झाकण लावतो आणि निघून जातो. जुलैत तो खड्डा उत्तम रीडिंग देतो. मे महिन्यात तो कोरडाठाक असतो आणि त्याचा रेझिस्टन्स किती चढलाय हे कुणी मोजत नाही. आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगचं सगळं शास्त्र लिहिलेलं आहे. खड्डा ओलसर ठेवा हे तर शाळेतल्या पोरालाही कळेल. पण ज्या तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं आहेत, त्याच शहापुरातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथे खड्ड्यात बादली कोण रिकामी करणार?

अशा जागी लॅपटॉपचा चार्जर ऑफिसच्या बोर्डात खोचलेला असतो आणि पीएलसीचा पॅनेल मशीनच्या अर्थिंगवर असतो. दोन खड्डे, दोन वेगळ्या पातळ्या. शेजारी वेल्डिंग चालू असेल, ड्राइव्हच्या फिल्टरमधून गळणारा करंट अर्थला जात असेल, तर या दोन ‘शून्यां’मधला फरक काही व्होल्टांवरून काही दहा व्होल्टांवर जायला वेळ लागत नाही. ४८५ चा रिसीव्हर ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सोसायचं वचन देतो. त्यापुढे काय होईल ते त्याच्या नशिबावर. आयसोलेशन नसलेला कन्व्हर्टर लॅपटॉपचं ग्राउंड आणि पीएलसीचं झीरो व्होल्ट एकमेकांना सरळ बांधून टाकतो, आणि दोन खड्ड्यांचं भांडण त्या केसाएवढ्या तारेतून मिटवलं जातं. पोर्ट मरतो तो असा. दोन पिनांच्या चार्जरची कथा वेगळीच: त्याच्या आतल्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचं धातूचं अंग अधांतरी तरंगतं, हात लावला की झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या माणूस सोसतो, पोर्टातली चिप सोसेलच असं नाही.

पोर्टवाल्यांचा दावा पुरता कोसळतो तो याच ठिकाणी. उपाय आहे आयसोलेशनचा: डेटा ऑप्टोकपलरमधून पलीकडे न्यायचा आणि दोन्ही बाजूंची ग्राउंड तोडून टाकायची. पण ग्राउंड तोडलं की पलीकडच्या चिपांना वीज द्यायला छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो, आणि तो चालवायला सिरियल पोर्टाची ती साडेतीन मिलिअँपिअरची भिक्षा पुरत नाही. म्हणून पोर्टातून वीज घेणारी स्वस्त डबी बहुतेक वेळा आयसोलेशनशिवायच येते. वीज फुकट हवी तर संरक्षण सोडा, असा हा सौदा आहे. दुकानदार त्यातली पहिली ओळ वाचून दाखवतो, दुसरी वाचत नाही.

‘लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, चार्जर काढायचा’ हा तोडगा सगळ्यांना माहीत आहे आणि तो चांगला आहे; मीही सांगतो. पण त्याच्या जोरावर बाकी सगळं सोडून देता येत नाही. बॅटरीवर गेलेली विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवते, आणि डाउनलोड चालू असताना कॉम-पोर्टच गायब होतो. ती सेटिंग बंद करणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. शिवाय वळवाच्या दिवसांत माळशेजच्या बाजूने ढग गडगडत आले की शेडपासून पंपहाऊसपर्यंत टाकलेल्या ४८५ च्या केबलीवर जो झटका येतो, त्याला लॅपटॉप बॅटरीवर आहे की चार्जरवर याचं सोयरसुतक नसतं.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. ‘तुम्ही वेगळा अॅडाप्टर म्हणता, म्हणजे भिंतीत आणखी एक प्लग, आणखी एक ग्राउंड, आणखी एक लूप.’ बरोबर आहे. शंभर रुपयांचा मोबाइल चार्जर कन्व्हर्टरला लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्याचं आउटपुट किती स्वच्छ असतं हे न बोललेलंच बरं. पण भिंतीकडे जायचंच कशाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा! पॅनेलमध्येच २४ व्होल्टचा एसएमपीएस बसलेला आहे. तो सेन्सर, रिले, एचएमआय पोसतो, कन्व्हर्टरचे काही दहा मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाहीत. ४८५ ची बाजू त्यावर चालवायची, लॅपटॉपची बाजू लॅपटॉपवर, मधे आयसोलेशन. लूप तयारच होत नाही. फक्त ते २४ व्होल्ट पीएलसीच्या पोटातल्या सेन्सर-सप्लायवरून घेऊ नयेत, कारण लहान सीपीयूत तो दोन-अडीचशे मिलिअँपिअरचाच असतो आणि त्यावर आधीच प्रॉक्झिमिटी स्विचांची रांग लागलेली असते.

यूएसबीचा दाखला मात्र मला मान्य नाही, म्हणजे ज्या पद्धतीने तो दिला जातो त्या पद्धतीने. ‘आयसोलेटेड यूएसबी-४८५ कन्व्हर्टर बघा, त्याला कुठे वेगळा सप्लाय आहे?’ नाही, कारण यूएसबीच्या पहिल्या आखणीपासूनच वीज देणं हे तिचं काम आहे. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. सिरियल पोर्टाच्या दोन तारांतून हमीने मिळते ती सतरा मिलिवॉटच्या आसपास. दीडशेपट फरक. यूएसबीवर डीसी-डीसी चालतो, आयसोलेशन परवडतं, रेझिस्टर लावलेली लाइन हाकता येते. असा कन्व्हर्टर कुणी वापरत असेल तर माझं काही म्हणणं नाही, उलट तोच घ्या. पण त्याच्या आडून तीनशे-चारशे रुपयांची ती आयसोलेशन नसलेली कांडी, किंवा यूएसबी-सिरियलच्या शेपटीला लटकवलेली पोर्टवाली डबी खपवायची नाही. त्या कांड्यांत चिप कुणाची आहे हेही देवच जाणे. २०१४ साली एफटीडीआय या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला होता. काल चालणारी केबल आज कॉम्प्युटरला दिसेना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मालाचा हा धोका आजही गेलेला नाही, आणि मुरबाडला तर रेल्वेही नाही. केबल बदलायची म्हणजे एसटीने कल्याण, तिथून लोकल, आख्खा दिवस.

‘अहो, हे सगळंच आता जुनं झालं, नव्या पीएलसीला इथरनेट आहे,’ असं म्हणून कुणी वाद मिटवू पाहतं. ठाण्या-मुंबईत बसून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे येणारी मशीनं बरीचशी दुसऱ्या हाताची. आधी वापीत नाहीतर भोसरीत राबलेली, तिथे निवृत्त होऊन इथे पुन्हा कामाला लागलेली. त्यांच्या पॅनेलांत एस७-२०० आहे, एसएलसी आहे, जुना एफएक्स आहे. कंपन्यांनी ते बनवणं बंद केलं, कारखान्यांनी चालवणं नाही. आणि नवा पीएलसी इथरनेटचा असला तरी त्याच्याखालचे ड्राइव्ह, तापमानाचे कंट्रोलर, वीजमीटर अजून मॉडबस या भाषेतच बोलतात, तेही ४८५ वर. मॉडिकॉनने मॉडबस आणलं १९७९ साली. अजून तरी त्याला रजा द्यायचं कुणी नाव काढत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. पोर्टवाली डबी काही शेकड्यांत मिळते आणि आयसोलेटेड कन्व्हर्टर काही हजारांत जातो, हा फरक खराच आहे. छोट्या गाळ्यात दोन मशीनं चालवणाऱ्याला तो जाणवतो, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हा फरक एकदाच पडतो. बंद पडलेली एक पाळी, बसून राहिलेले कामगार, हॉपरमध्ये गोठलेला माल आणि कल्याणहून बोलावलेल्या इंजिनियरची व्हिजिट यांचा हिशेब मालकानेच मांडावा. मी आकडा सांगायला नको. आणि पीएलसीचा पोर्टच उडाला तर उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठी बाजारात कुठल्या भावाने सौदा करावा लागतो, हे ज्यांनी केलंय ते जाणतात.

माझी खरी तक्रार मालकावर नाहीच, पॅनेल बांधणाऱ्यांवर आहे. पॅनेलच्या दारात ट्यूबलाइट देतात, लॅपटॉपसाठी सॉकेट देतात, ड्रॉइंग ठेवायला खिसा देतात. पण प्रोग्रॅमिंगचा कन्व्हर्टर कुठून जगणार याची एक ओळ ड्रॉइंगमध्ये नसते. जुन्या पॅनेलातही हे करायला फार काही लागत नाही. एसएमपीएसच्या आउटपुटवरून एक फ्यूज-टर्मिनल, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, शेजारी झीरो व्होल्टचं टर्मिनल, दोहोंवर ठळक लेबल, आणि दारातल्या खिशात त्या पीएलसीला जुळणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर केबलीसकट कायमचा. आठवडी सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिशियन हे तासाभरात करतो. पण सांगितलं की पॅनेलवाले म्हणतात, ‘गिऱ्हाईक मागत नाही ना, साहेब.’ गिऱ्हाईक पॅनेलच्या रंगाचा शेडनंबर मागतं, पुश-बटणाची कंपनी मागतं, ग्लँड पितळेचे की प्लास्टिकचे हेसुद्धा मागतं. पुढच्या वेळी ऑर्डर काढताना त्याच यादीत एवढं टंकून घ्यावं: ‘प्रोग्रॅमिंग कन्व्हर्टरसाठी फ्यूजसह स्वतंत्र २४ व्होल्ट डीसी टर्मिनल दारालगत द्यावे, कन्व्हर्टर आयसोलेटेड असावा, पोर्टातून वीज घेणारा चालणार नाही.’